दुसऱ्या मजल्यावरची बाई

आमच्या गल्लीत कुणाची मोरी तुंबली, की लोक आधी लोरिआनो नेन्चोनीचं नाव काढतात, मग त्यांना त्याच्या तोंडाची आठवण होते आणि ते दुसऱ्याच कुणाला तरी फोन करतात. तो दुसरा येऊन काम बिघडवून जातो. मग शेवटी लोरिआनोच येतो, आणि पाना हातात घेण्याआधी पोटभर बोलून घेतो. ‘गेलात तेव्हा तोंड फिरवून गेलात, आता आलात नाक मुठीत धरून.’ हे ऐकून झाल्याशिवाय पाणी वाहत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

मी मोरेना. त्याच्याच इमारतीत तळमजल्यावर माझं कॉफीचं दुकान आहे. लोरिआनोबद्दल लिहायचं म्हणजे मला राग येणार, हे आधीच सांगून ठेवते. माणूस मला आवडतो, म्हणून राग जास्त येतो.

फ्लॉरेन्समध्ये नळवाल्याला पाण्यापेक्षा भिंतीची भीती असते. इथे तरणी भिंत कुठलीच नाही. कुठेही छिन्नी मारा, चुन्याआडून एखाद्या संताचा अंगठा नाहीतर देवदूताचं पीस डोकावतं. ते एकदा दिसलं, की काम बंद, जुन्या इमारतींच्या सरकारी खात्याचे लोक हजर, आणि घरमालक वर्षभर शेजाऱ्याच्या संडासात. म्हणून नळवाल्यांनी आणि गवंड्यांनी आपसात एक नियम करून ठेवलाय. तो कुठे लिहिलेला नाही. रंग दिसला की डोळे मिटायचे आणि चुना कालवायचा. माझ्या दुकानाची मोरी बदलली तेव्हा लोरिआनोनेच मला तो शिकवला.

“मोरेना, तुला काही दिसलं?” त्याने विचारलं.

“काहीतरी हिरवं आहे तिथे.”

“शेवाळ आहे ते. पाचशे वर्षांपूर्वीचं असलं तरी शेवाळच.” असं म्हणून त्याने थापी फिरवली. माझ्या फ्रीजमागे कोण उभं आहे, ते मला आजवर कळलेलं नाही.

असा हा माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात याने देवादिकांना बिनबोभाट गाडलं, आणि स्वतःच्या घरात मात्र हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

कारण त्याला एक खोड आहे. ती एकट्याची नाही, इथल्या सगळ्या पुरुषांची आहे. आमच्याकडे पुरुष दोनच गोष्टींवर घसा कोरडा करतात, जांभळ्या जर्सीचा आमचा फुटबॉल संघ आणि कुठलं चित्र कुणाच्या हातचं. प्रत्येकाला वाटतं, आपल्याला नजर आहे. पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या चित्रकारांबद्दल हे असे बोलतात की जणू ते परवापर्यंत कोपऱ्यावरच राहत होते. त्यातल्या त्यात चिमातोरेबद्दल. पिएरो देल चिमातोरे हा आमच्याच भागातला, कापड कातरणाऱ्याचा पोरगा, पुढे मोठा चित्रकार झाला. चर्चमध्ये त्याची चित्रं आहेत, त्याच्या शिष्यांचीही आहेत, आणि कुठलं गुरूचं आणि कुठलं शिष्याचं यावर माझ्या दुकानात कपबशा फुटलेल्या आहेत.

लोरिआनोचा या बाबतीतला वैरी म्हणजे समोरचा गास्तोने. तो चौकटींना सोन्याचा वर्ख लावतो. चित्रांच्या कडेकडेने जन्म गेला, त्यामुळे मधलं चित्रही आपल्यालाच कळतं असा त्याचा समज. लोरिआनो काही बोलला की गास्तोने कपातली साखर ढवळत म्हणायचा, “नळ गळतो का ते सांग बाबा. चित्राचं आम्ही बघू. गाढवाला गुळाची चव काय?” हे तो रोज म्हणायचा. लोरिआनो रोज चिडायचा. लग्न लागल्यासारखे दोघे एकमेकांना चिकटलेले.

शाळेत आम्हाला शिकवलं, की याच गल्लीबोळांत माणसाला पहिल्यांदा कळलं, आपण कुणीतरी आहोत. त्याआधी सगळं देवाचं, चित्र काढणाराही देवाचा हमाल, त्याचं नाव कुणी विचारत नसे. मग इथल्या लोकांनी ठरवलं की माणूस हेच सगळ्याचं माप. माणसाचं शरीर, माणसाची बुद्धी, माणसाचं नाव. तो विचार डोंगर ओलांडून गेला आणि सगळा युरोप बदलला, जर्मन, फ्रेंच, इंग्रज सगळे अजून त्याच पुंजीवर जगतात, असं बाई सांगायच्या. असेल. आमच्या गल्लीपुरतं मला विचाराल, तर त्यातून एवढंच उरलं की प्रत्येक माणसाला आपलं म्हणणं खरं करायचं असतं आणि प्रत्येक भिंतीला कुणाचं तरी नाव हवं असतं. जिवंत माणसाच्या मापाने भिंत कापायला मात्र कुणी तयार नाही.

आता इल्वाबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यासाठीच चाललं होतं.

इल्वा ही लोरिआनोची बायको. शिंप्याकडे पुरुषांच्या विजारी शिवायची. बडबडी, हजरजबाबी, आणि पायाला भिंगरी. सकाळी सान्तो स्पिरितोच्या चौकातल्या भाजीबाजारात ती गेली नाही असा दिवस नव्हता. भाजी घ्यायला कमी आणि भांडायला जास्त. मग तिचे गुडघे गेले, मागाहून खुबा गेला. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रियेची भूल तिच्या हृदयाला सोसणार नाही. घर चौथ्या मजल्यावर. आमचा जिना म्हणजे दगडी, अंधारा, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, आणि वळणं इतकी आवळलेली की खुर्चीत बसवून न्यावं म्हटलं तर खुर्ची अडकते. जिन्यावरून वर-खाली सरकणाऱ्या खुर्चीची पट्टी बसवायला माणूस आला होता, तो पहिल्याच वळणावरून परत गेला.

तेव्हापासून इल्वा खाली येते ती फक्त आजारी पडली तर. मग मदतपथकाची पोरं येतात, तिला पट्ट्यांनी बांधून, उभी-आडवी करत खाली आणतात आणि गाडीत घालतात. एकदा मी वर गेले होते तेव्हा मला म्हणाली, “थोडा ताप आला ना, तर बरं होईल गं. जाताना बाजार तरी दिसेल.” ती हसत होती. मला हसू आलं नाही.

घर विकून तळमजल्यावर का जात नाही, असं शहाणे लोक विचारतात. तळमजले आता सगळे पर्यटकांना भाड्याने गेले आहेत. उरलेले आहेत ते शहराबाहेर, जिथे इल्वाला कुत्रंही ओळखत नाही. ती म्हणते, “तिकडे नेऊन खाली ठेवण्यापेक्षा इथे वर ठेवा.”

म्हणून लोरिआनोने लिफ्टचं मनावर घेतलं. जागा एकच होती, जिन्यामागे प्रत्येक मजल्यावर एकावर एक असलेल्या अडगळीच्या खोल्या. त्यांची जमीन काढली आणि मागच्या भिंतीचा जाड थर तासून काढला, की लहानशी लिफ्ट बसत होती. इमारतीतल्या पाच घरांनी हो म्हटलं. फ्लॉरेन्समध्ये पाच घरं एका गोष्टीला हो म्हणतात, यालाच चर्चने चमत्कार म्हणायला हवं. जुन्या इमारतींच्या खात्याची परवानगी मिळवायला लोरिआनोने चपला झिजवल्या. त्यांची माणसं आली, भिंती ठोकून गेली, काही नाही म्हणाली. कागदावर शिक्का बसला त्या दिवशी तो माझ्या दुकानात आला आणि सगळ्यांना स्वतःच्या खर्चाने कॉफी पाजली. त्याआधी आणि त्यानंतर असं कधी घडलेलं नाही.

फोडायचं काम त्याने स्वतः घेतलं, कारण दुसऱ्याचं काम त्याला पसंत पडतच नाही. चौथा मजला झाला, तिसरा झाला. इल्वा आपल्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि खालून येणारा हातोडा ऐकायची. कुणी जिन्यात दिसलं की सांगायची, “खाली चाललाय बघ माझा नवरा. मागोमाग मी.”

दुसऱ्या मजल्यावर हातोडा थांबला.

सकाळची वेळ, दुकानात गर्दी. लोरिआनो दारात उभा, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. “मोरेना, दोन मिनिटं वर ये.”

मी गेले. त्याने ओल्या स्पंजने भिंतीचा एक तुकडा पुसून काढला होता. निळा पडदा, पलंगाचा कोपरा, आणि समोर एक बाई, बाळाच्या अंघोळीसाठी परातीत पाणी ओतणारी. बाह्या वर सारलेल्या. घडा जड असावा, मनगट ताणलेलं. आणि तोंड आमच्याकडे वळलेलं, कुणीतरी हाक मारली म्हणून बघावं तसं. संत नाही, देवी नाही, घरातली कामाची बाई. मला चित्रातलं कळत नाही, पण ती आत्ता बोलेल असं वाटलं.

मी विचारलं, “चुना कुठाय?”

“हा काय, कालवून ठेवलाय.” बादली खरंच तयार होती.

“मग लाव.”

“लावतो ना. गास्तोनेला एकदा दाखवतो आणि लावतो.”

“लोरिआनो, डोकं ठिकाणावर आहे का? त्याच्या पोटात तीळ भिजत नाही.”

“अगं, फक्त बघू दे त्याला. चिमातोरेच्या हातचं आहे हे. स्वतःच्या हातचं. मी नळवाला, मी काढलंय, माझ्या घरातून. एकदा त्याच्या तोंडून ऐकायचंय मला. मग लावतोच की चुना.”

वरून इल्वाचा आवाज आला, “लोरिआनो, हातोडा का थांबला रे?”

“पाणी पितोय,” हा खालून म्हणाला.

मी त्याचा हात धरून सांगितलं, की तुला ऐकायचंय ना, मी म्हणते, चिमातोरेच आहे, आता लाव. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू माझ्या म्हणण्याला चुन्याइतकीही किंमत नाही. बरोबरच आहे, मी गास्तोने नव्हते.

गास्तोने आला, चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं. लोरिआनो त्याच्या तोंडाकडे बघत उभा, शाळेतल्या पोरासारखा. गास्तोनेने चष्मा काढून खिशात ठेवला.

“शिष्याचं आहे,” तो म्हणाला.

“काय?”

“कान बघ. हा कान आहे की सुकलेला जर्दाळू? गुरू असले कान काढत नाही. कुणीतरी हाताखालचं पोरगं.”

“आणि चेहरा? चेहरा कुणी काढला, तुझ्या आजोबांनी?”

“नळवाल्या, तू पाइप बघ.”

झालं. त्यावेळी जर गास्तोने नुसता ‘हो’ म्हणाला असता, तर दुपारपर्यंत भिंत पांढरी झाली असती आणि इल्वा त्या उन्हाळ्यात बाजारात गेली असती. पण ‘शिष्याचं’ म्हटल्यावर लोरिआनोच्या हातून चुना लागणं शक्यच नव्हतं. हरलेला डाव कुणी झाकून ठेवतं का? तो तिसरा माणूस घेऊन आला, निवृत्त चित्रकला मास्तर. मास्तर म्हणाले, गुरू. गास्तोनेने चौथा आणला. चौथा म्हणाला, शिष्य. दोन दिवस आमच्या जिन्यावर जत्रा. माझ्या दुकानात उभं राहायला जागा नाही, एका बाजूला कानवाले, दुसऱ्या बाजूला चेहरेवाले. कुणीतरी वर्तमानपत्राला कळवलं. लोरिआनोचा फोटो छापून आला, हाताची घडी घालून भिंतीशेजारी, आणि खाली त्याचं वाक्य, ‘गुरूचाच हात आहे, मी नजरेने ओळखलं.’ आणि बादलीतला चुना आपला घट्ट होत चाललेला.

तिसऱ्या दिवशी एक बाई दुकानात आली, छोटी कॉफी घेतली आणि शांतपणे विचारलं, “कितव्या मजल्यावर?” दोत्तोरेस्सा, म्हणजे पदवीवाली बाई, लापुच्ची, जुन्या इमारतींच्या खात्याची. स्वभावाने वाईट नाही. तिने फक्त आपलं काम केलं. संध्याकाळच्या आत खोलीला टाळं, भिंतीवर पडदा आणि लिफ्टची परवानगी स्थगित.

इल्वाला हे मीच सांगितलं, कारण लोरिआनोच्या तोंडून शब्द फुटेना. तिने सगळं ऐकून घेतलं आणि त्याला एवढंच विचारलं, “चुना कालवला होता ना तू?”

“हो.”

“मग?”

नंतर कितीतरी दिवस तो जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर भिंतीकडे न बघता जायचा.

त्यानंतर नुसती वाट बघणं. हिवाळे गेले. दिवे आले, यंत्रं आली, कापसाच्या बोळ्यांनी भिंत पुसणाऱ्या मुली आल्या. जर्मनीहून प्राध्यापक आले. पाणी ओतणारी बाई रोज थोडी अधिक उजळत गेली. कुणी यायचं ते माझ्याकडे कॉफी घ्यायचं, म्हणजे माझा फायदाच झाला, आणि त्याचाही मला संताप यायचा. समोर जुन्या वाड्याचं हॉटेल झालं, त्यात लिफ्ट बसली, कारण त्यांच्या भिंतीत म्हणे काही सापडलं नाही. सापडलं नाही की त्यांनी गास्तोनेला बोलावलं नाही, देव जाणे.

एकदा दोत्तोरेस्साने लोरिआनोला सगळं समजावून सांगितलं. चित्र शिष्याचं ठरलं, तर ते भिंतीवरून सोलून काढता येईल, त्याची विद्या असते, आणि खात्याच्या कोठारात जाईल. तशी शेकडो पडून आहेत. मग लिफ्टला हरकत नाही. पण खुद्द चिमातोरेचं ठरलं, तर जिथे काढलंय तिथून ते सुईच्या टोकाएवढंही हलणार नाही. घरगुती भिंतीवरचं त्याचं असं दुसरं कुठे उरलेलं नाही.

म्हणजे आता लोरिआनोला ते शिष्याचं व्हायला हवं होतं. ज्या माणसाने छाती ठोकून वर्तमानपत्रात ‘गुरू’ सांगितलं, त्यालाच. आणि शिष्य म्हणणारा नावाजलेला माणूस आमच्या भागात एकच, ज्याला वर्खाच्या कामामुळे खात्यातले लोकही ओळखत होते.

तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. गास्तोने नेहमीच्या जागी. लोरिआनो आत आला, टोपी काढली, सगळ्यांसमोर त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“गास्तोने, तुझं बरोबर होतं. शिष्याचं आहे. कान वाईट आहे.”

हे म्हणताना त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मला वाटलं, आता गास्तोने फुशारकी मारणार, आणि मारू दे, एकदाची मारू दे. पण गास्तोने कपात बघत राहिला.

“लोरिआनो, मी परत जाऊन पाहिलं ते. साफ केल्यावर.”

“मग?”

“कान नंतर कुणीतरी गिरवलाय. खालचा मूळ कान वेगळा आहे. तूच बरोबर होतास. गुरूचं आहे.”

“तू शिष्य म्हण,” लोरिआनो हळूच म्हणाला. “त्यांनी विचारलं तर शिष्य म्हण. इल्वासाठी.”

“मी गप्प बसेन. इल्वासाठी तोंड शिवून घेईन. पण ते शिष्याचं आहे असं माझ्या तोंडून निघणार नाही रे. त्या बाईकडे बघून कसं म्हणू?”

मी काउंटरवर फडकं आपटलं आणि म्हणाले, की भिंतीवरच्या बाईची एवढी लाज आणि चौथ्या मजल्यावरच्या बाईची काहीच नाही का? दोघेही माझ्याकडे बघेनात. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, तसले हे लोक.

शेवटी निर्णयाची बैठक ठरली, तिथेच, दुसऱ्या मजल्यावर. आदल्या आठवड्यात मी लोरिआनोची तयारी करून घेतली. मुलांचे पाढे घेतात तशी. “काय म्हणणार?” “कान वाईट आहे.” “पुढे?” “पडदा सपाट आहे.” “पुढे?” “मी तेव्हा भावनेच्या भरात बोललो, मला चित्रातलं कळत नाही.” शेवटचं वाक्य म्हणताना तो दर वेळी अडखळायचा. मी दर वेळी परत म्हणायला लावायची.

बैठकीला तिघं होती. एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक, एक दुसऱ्या शहरातून आलेला तरुण अभ्यासक आणि दोत्तोरेस्सा. त्यांनी कॉफी मागवली म्हणून मी ट्रे घेऊन तिथे होते. गास्तोने बाहेर जिन्यावर कठडा धरून उभा. प्राध्यापक ठामपणे शिष्य म्हणत होते. तरुण तितक्याच ठामपणे गुरू. दोत्तोरेस्सा मधे. मला पहिल्यांदाच वाटलं, की प्राध्यापकांचं वजन जास्त पडेल, जमतंय.

मग दोत्तोरेस्सा म्हणाली, “सिन्योर नेन्चोनी, तुमचं म्हणणं आम्ही पुरावा म्हणून धरू शकत नाही. पण तुम्ही ते पहिल्यांदा पाहिलंत. तुम्हाला काय वाटतं?”

लोरिआनोने घसा साफ केला. “शिष्याचं आहे. कान वाईट आहे. पडदा सपाट आहे.”

छान चाललं होतं. मी मनातल्या मनात पुढचं वाक्य म्हणत होते. तेवढ्यात प्राध्यापक खूश झाले. त्यांनी गप्प बसावं ना? पण आपलं म्हणणं खरं करायचा सोस त्यांनाही होताच.

“बघा, साध्या माणसालाही दिसतं,” ते म्हणाले. “आणि ते मनगट बघा. मेलेलं मनगट. ओल्या फडक्यासारखं लोंबतंय. कुणातरी नवशिक्याने उरकून टाकलेलं.”

लोरिआनो भिंतीकडे वळला. मी त्याची बाही ओढली, त्याला ते कळलंही नसावं.

“मनगटाला काय झालं?” त्याने विचारलं.

“जीव नाही त्यात.”

“जीव नाही? घडा उचललाय तिने. तुम्हाला घड्याचा भार दिसत नाही? कान राहू द्या, कान कुणी मागाहून बिघडवलाय. पण हे मनगट नवशिक्याचं असेल, तर मी जन्मात पाना धरलेला नाही. हा त्याचाच हात आहे. चिमातोरेचा. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि आजही तेच सांगतो.”

बोलून झाल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो ते. तरुण अभ्यासक मान डोलावत होता. दोत्तोरेस्साने खाली बघून म्हटलं, “मलाही तसंच वाटतं, सिन्योर नेन्चोनी. मला वाईट वाटतं, पण तसंच वाटतं.” निर्णय त्याच्या बोलण्यामुळे झाला असं नाही, तिचं आधीच ठरलं असावं. पण झाला तो त्याच्या बोलण्यानंतर. बाहेरून गास्तोने आत आला आणि त्याने लोरिआनोच्या खांद्यावर हात ठेवला. त्या क्षणी दोघांनाही जिन्यावरून खाली ढकलून द्यावं असं मला वाटलं, आणि हे मी अजिबात विनोदाने लिहीत नाही.

वरून आवाज आला, “मोरेना, झालं का गं त्यांचं?”

लोरिआनो पुढे आणि मी मागे असे आम्ही वर गेलो. इल्वा दारातल्या खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले, कानात डूल, घरातल्या सपाता नव्हेत तर बाहेरचे बूट पायात. ते बूट बघून लोरिआनोने नजर वळवली.

“अजून ठरलं नाही,” तो म्हणाला. “पुढच्या बैठकीत बघू म्हणाले.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भिंतीबद्दल खोटं बोलायला ज्याची जीभ वळली नाही, तो बायकोशी किती सहज खोटं बोलला.

“ठरलं,” मी म्हणाले. “गुरूचं ठरलं. लिफ्ट होणार नाही.”

इल्वाने मलाच विचारलं, “हा काय म्हणाला तिथे?”

“गुरूचं आहे म्हणाला.”

“सगळ्यांसमोर?”

“प्राध्यापकांशी भांडून सांगितलं.”

“आणि गास्तोने?”

“त्यालाही तेच वाटतं आता.”

इल्वाच्या ओठांचे कोपरे हलले. मला विश्वास बसेना, पण ते हसूच होतं. “म्हणजे शेवटी याचंच खरं ठरलं तर,” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, अभिमान होता. हिच्याही डोक्यात तोच किडा, मला वाटलं. या गावाचं काही होणार नाही.

मग तिने वाकून बुटाचा पट्टा सोडायला सुरुवात केली. गुडघ्यांमुळे हात नीट पोचत नव्हता. लोरिआनो मदतीला वाकला, तर तिने त्याचा हात बाजूला केला.

“मोरेना, ती बाई दिसते तरी कशी?”

“फोटो आहे ना तुझ्याकडे.”

“फोटो नको मला सांगूस. जर्मनीहून लोक येऊन बघून गेले. शाळेची पोरं बघून गेली. माझ्याच घरात आहे ती, दोन मजले खाली.” तिने मान वर केली आणि नवऱ्याकडे पाहिलं. “मला कधी दाखवणार आहेस?”

लोरिआनोने अजून कोटही काढला नव्हता. तो तसाच मागे फिरला, पाव घेऊन येतो म्हणाला आणि भराभर जिना उतरून खाली गेला. पाव सकाळीच आणलेला होता, टेबलावर तिच्या समोरच.